अळंबीचो पालो

मालवणच्या बाजारात एक बाई पावसाळाभर अळंबी विकायची. मालाला बोट लावलेले तिला खपत नसे. "दाबतंस कित्याक गो? नवरो बघतंस?" असे ती गिऱ्हाइकाला विचारी.

दोन हजार तीनच्या सुमारास, मी शिकवत होतो त्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मीच तिला बोलावले. इस्त्रीचे लुगडे नेसून आली. मुलांना म्हणाली, "ह्या झाड न्हय. झाडाक हिरवो पालो आसता, ता उन्हात आपला जेवाण रांधता. ह्या कुजक्या लाकडावर जगता. जनावर पण न्हय. आपण खावन जिरवतो, ह्या पयला जिरवता, मगे खाता."

इतके नेमके वाक्य मी वीस वर्षांत फळ्यावर लिहिले नव्हते. पण प्रमुख पाहुणे गळ्यातला हार सावरत हसले. "बाई, अळंबी वनस्पतीच. आम्ही शाळेत शिकलोय. काय गुरुजी?"

जुन्या पुस्तकात तसेच होते. आता बुरशी-अळंबीला वनस्पतींत धरत नाहीत, त्यांची सृष्टीच वेगळी मानतात, हे मी वाचले होते. पण पाहुणे प्रयोगशाळेला कपाट देणार होते.

"वनस्पतीच, साहेब," मी म्हणालो. मुले तिला हसली. तिने टोपली आवरली.

पुढच्या बाजारी तिने नेहमीसारखी माझी पुडी बांधली. "घेवा मास्तरांनू. उन्हात ठेवा, पालो फुटतलो."

पावसाने उघडीप दिली होती. तरी मी छत्री उघडली आणि पुडी सावलीत धरून घरी आलो.