ताडीशिवाय पाव

तुमच्या रस्त्यावर इतक्या निरनिराळ्या पंथांची देवळं आहेत, ती सगळी ख्रिस्ताचीच कशी, असं तुम्ही विचारलंत. याचं उत्तर मी ठाण्याच्या आमच्या भट्टीपासून देते, कारण तुमच्या अमेरिकेत जन्मलेला एक पंथ आमच्या पावापर्यंत येऊन पोचला होता.

एकोणिसावं शतक संपत आलं होतं. माझे वडील पाववाले. आमचं घराणं पोर्तुगीजांच्या काळापासून कॅथलिक, आणि पावाचं पीठ ताडीने फुगवायचं ही रीतही तेवढीच जुनी. रोज पहाटे ताडी काढणारा एक भंडारी बाळकुमकडून ताज्या ताडीचं मडकं आणायचा. थोडी पिठात जाई, उरलेली दिवसभरात वडिलांच्या पोटात. ते मारझोड करत नसत. संध्याकाळी गप्प होऊन भिंतीशी बसून राहत. आईला ते बसणं ओळखीचं होतं. तिचे वडील असेच बसत बसत गेले होते.

त्या सुमारास एक अमेरिकन मडम धार्मिक पुस्तकं विकत आमच्या आळीत येऊ लागली. तिचं मराठी मोडकं होतं, पण ती ते बिनदिक्कत बोलायची. माझ्या इंग्रजीची सुरुवात तिच्यापाशीच झाली. तिने सांगितलं ते असं : तिच्या देशात त्या शंभर वर्षांत विलायतेहून न आलेले, तिथल्याच मातीतले पंथ निघाले होते. कोणी म्हणत, आम्हाला पंथाचं नावच नको, नुसतं ख्रिस्ती म्हणा. कोणाला नवा ग्रंथ सापडला होता. कोणी औषध सोडून प्रार्थनेनेच दुखणी बरी करू पाहत. तिच्या पंथाचे पूर्वज म्हणजे साधी शेतकरी माणसं. अमुक दिवशी ख्रिस्त परत येणार असा हिशेब मांडून ती वाट पाहत बसली. तो आला नाही. बरेचजण शरमेने घरी गेले, पण काहींनी पुन्हा बायबल उघडलं. त्यांच्यातून निघालेले हे लोक रविवारऐवजी शनिवार पाळत आणि दारूला शिवत नसत.

आईला हे शेवटचं पटलं. "मला तुमच्यात घ्या," ती म्हणाली.

मडम म्हणाली, "घरात ताडी येते तोवर नाही."

वडिलांनी ते हसण्यावारी नेलं. "ताडी मी कुठे पितो? पीठ पितं."

"मग पिठाची मी सोडवते," आई म्हणाली.

"बरं. नाताळापर्यंत ताडीशिवाय पाव फुगवून दाखव. गिऱ्हाइकांनी घेतला तर भंडाऱ्याला मी स्वतः सांगेन. नाही घेतला तर त्या मडमेला उंबरा चढू द्यायचा नाही."

मडमेच्या देशात पीठ फुगवणाऱ्या खमिराला एक कडू फूल लागायचं. ते इथे कुठलं मिळायला? आईने उकडलेल्या बटाट्याचं पाणी गुळात आंबवलं. पहिला पाव विटेसारखा झाला. वडील म्हणाले, "खाडीच्या बांधाला लावू या." दुसरा तेलाच्या घाण्यावरच्या शेजारणीला दिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारं ते बेने इस्राएल, म्हणजे इथलंच ज्यू कुटुंब; गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. ती म्हणाली, "आमचा शनिवार घेतलास गो, आता आमचे दातपण घेतेस?"

आई हसली आणि पुन्हा बटाटे उकडायला गेली. ती आदल्या दिवसाच्या पिठाचा गोळा राखून नव्यात मिसळू लागली. भांडं कधी भट्टीजवळ ठेवी, कधी लांब. पाव कधी फुगे, कधी बसे.

वडिलांनी एकदा तिला अडवलं. "आंबलेलं बटाट्याचं पाणी म्हणजे दारूच की. मडमेला विचारलंस का?"

"ते पिऊन भिंतीशी कोण बसतं ते दाखवा, मग विचारते."

वडील भट्टीत लाकडं सारायला गेले.

नाताळ जवळ आला तेव्हा तिचा पाव नीट फुगू लागला. चव किंचित आंबट होती, पण दुसऱ्या दिवशीही तो मऊ राही. वडिलांनी कोणाला न सांगता सलग दोन दिवस तो आपल्या पावांत मिसळून टोपलीत घातला आणि फेरीला गेले. दोन्ही दिवस परतले तेव्हा टोपली रिकामी होती. एका म्हातारीने तर कालच्यासारखाच उद्याही द्या म्हणून सांगितलं होतं, आणि काल तिला गेला होता तो आईचाच पाव.

दुसऱ्या दिवशी पहाटे भंडारी आला. वडील स्वतः दाराशी गेले.

"आजपासून मडकं नको."

"का हो? पाव आता कोण फुगवणार?"

"बायको."

त्याने आत डोकावून बघितलं आणि मडकं पुन्हा डोक्यावर घेतलं.

पुढल्या शनिवारी मडमेच्या लोकांनी आईला तलावात उतरवून बाप्तिस्मा दिला. वडील कोरडं लुगडं घेऊन काठावर उभे होते. स्वतः ते पाण्यात कधी उतरले नाहीत. रविवारची मिस्सा त्यांनी शेवटपर्यंत चुकवली नाही; संध्याकाळी मात्र ते आमच्याशी बोलत बसू लागले.