घुंगरू गेलं कुठं?

ज्या घरात गाण्याचं मशीन असतं त्या घरात दोन गोष्टी आपोआप वाढतात. वायरी आणि किस्से. दोन्ही कपाटामागं गुंतून पडतात, आणि एक ओढायला जावं तर बठ्ठं बाहेर येतं. बठ्ठं म्हणजे सगळं. आम्ही खान्देशातली माणसं, आमच्याकडं असंच म्हणतात.

आमच्या जळगावच्या घरी दर रविवारी तिघं जमतात. एक आमचे हे, पाइपच्या कारखान्यात फोरमन. दुसरे नाना, रिटायर मास्तर. तिसरे सलीमभाई, सुतारकाम करतात, स्पीकरच्या पेट्या त्यांच्याच हातच्या. भांडण एकच, यंदा कोणती डबी बदलायची? मी चौथी पास, पण ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. इंटरनेटवरून गाणं आणते ती डबी म्हणजे स्ट्रीमर. मशीनमध्ये गाणं आकड्यांत असतं म्हणे, त्या आकड्यांचा आवाज करते ती डबी म्हणजे डॅक. नाना म्हणतात स्ट्रीमर घ्या. सलीमभाई म्हणतात डॅक घ्या.

हे म्हणतात, "काय पण घ्या, माझं घुंगरू परत आणा!"

ह्यांच्या आवडीच्या एका जुन्या लावणीत शेवटी बारीक घुंगरू वाजतं. पूर्वी ऐकू यायचं, आता येत नाही. म्हणजे डबी म्हातारी झाली, असा ह्यांचा निकाल!

* * *

मे महिन्यात जळगावात कूलर बंद करतो त्याला वेड लागलंय असंच समजायचं. पण कूलरच्या घरघरीत गाण्यातलं "बारीक काम" बुडतं ना! म्हणून कूलर बंद, खिडक्या बंद, तिघं बनियनवर. डोळे मिटलेले, माना खाली, घामाच्या धारा.

तेवढ्यात रावेरहून ह्यांच्या मोठ्या बहीण, आमच्या अक्का, केळीचा घड घेऊन दारात उभ्या. गाणं नुकतंच संपलं होतं. कोणी हलेना, कोणी बोलेना. अक्कांनी घड हळूच खाली ठेवला, तोंडाला पदर लावला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कोण गयं वं माय?"

मी काय सांगणार? म्हटलं, "डॅक!"

* * *

नानांना धुळ्यातल्या एका ओळखीच्या माणसानं स्ट्रीमर ट्रायलला दिला. धक्का लागू नये म्हणून नानांनी तो नातवाच्या दुपट्यात गुंडाळला, छातीशी धरला आणि एसटीत चढले. गाडी खच्चून भरलेली. एक बाई उठली, "आबा, लेकरू घेऊन उभं नका राहू, बसा."

आणि नाना बसले! जन्मभर पोरांना "खरे बोलावे" शिकवलेला माणूस!

पारोळा गेलं. बाई म्हणाली, "बाळ गुणी दिसतंय, रडत नाही."

"झोपलंय," नाना म्हणाले.

एरंडोलच्या अलीकडं तिनं मायेनं दुपट्यात हात घातला आणि किंचाळली, "अरे देवा! अंग थंडगार पडलंय! गाडी थांबवा!"

गाडी थांबली. कंडक्टर धावत आला. भरल्या गाडीत नानांना दुपटं सोडून दाखवावं लागलं. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, आता बाळाचं लगेज काढा!"

इथवर नानांची लाज गेली. पण ती बाई माझी मावसबहीण निघाली! आजही कोणाच्या लग्नात भेटली की चारचौघांत मोठ्यानं विचारते, "काय गं, बाळ कसं आहे?"

* * *

त्याच रविवारी बाळ आमच्याकडं जोडलं. लावणी लागली. नाना म्हणाले, "वा! आवाजात ओलावा आला!"

सलीमभाई म्हणाले, "नाना, ओलावा पेटीत आला तर लाकूड फुगतं. चांगलं बोला."

हे म्हणाले, "पण घुंगरू कुठंय?"

मी आत भरताची वांगी भाजत होते. तिथून ओरडले, "अहो, वाजतंय की! मला इथं चुलीपाशी ऐकू येतंय!"

आणि दारात येऊन बघितलं. नाना पंख्याकडं बघायला लागले, सलीमभाई पेटीवरची धूळ पुसायला लागले. दोघांतला एकही जण "हो, वाजतंय" म्हणाला नाही, की "नाही वाजत" म्हणाला नाही. हे तेवढं म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?"

एरवी असं ऐकून घेणारी बाई मी नाही. पण ह्यांचा हात दिसला. आवाजाचं बटण पिळत होते, आणि बटण केव्हाच शेवटाला टेकलं होतं. मी गुपचूप आत वळले. त्या दिवशी वांगी जळाली.

* * *

मग अक्कांच्या पोराची हळद, रावेरला. मांडवात डीजे. हे उठले ते थेट डीजेवाल्याकडं. "आवाज बसका आहे तुझा. वरची पट्टी चढव. अजून. अजून चढव!" जाणता माणूस दिसला म्हणून त्यानं चढवली.

अशी कर्कश शिट्टी फुटली की म्हाताऱ्या बायांनी कान दाबले, लेकरं रडायला लागली, नवरदेव हळदीच्या हातांनी कान धरून बसला. अख्ख्या मांडवात ह्यांचा एकट्याचा चेहरा फुललेला. तिथून मला खूण करून सांगतात, "आता बरोबर!"

डीजेवाला माझ्याकडं आला. "काकू, हे काका तुमचे का?"

खोटं कशाला सांगू? आधी मी इकडं तिकडं बघितलं. मग हो म्हटलं.

* * *

मी तोंडाची फटकळ. गॅसवाला असो, नगरसेवक असो, जे असेल ते तोंडावर. पण घरच्या माणसाला एक वाक्य बोलायचं तर जीभ उचलेना. गाण्याशिवाय ह्या माणसाला दुसरा नाद नाही. तेच काढून घेतल्यासारखं वाटायचं. शेवटी एका सकाळी चहा पुढं ठेवला आणि म्हटलं, "डबी मागून बघू. आधी कान दाखवू."

हे चहा बशीत ओतून फुंकत बसले. मला वाटलं, हेही ऐकू गेलं नाही की काय. मग बशीकडं बघत म्हणाले, "जळगावात नको. लोक हसतील. आणि नाना, सलीमला कळलं तर रविवारी माझ्या मताला काय किंमत राहील?"

म्हणून धुळे ठरलं. तिथं आम्हाला कोण ओळखतं? मित्रांना ह्यांनी सांगितलं, "रावेरला चाललोय, अक्काकडं." नाना म्हणाले, "बरं झालं, मीही नाहीये, साक्रीला कार्य आहे." सलीमभाईंचंही सासुरवाडीला काही निघालं होतं.

धुळ्यात कानाच्या डॉक्टरचं दार ढकललं. मी डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, हे रुमाल बांधून.

समोरच्या बाकड्यावर नाना. तोंडापुढं पेपर, आणि पेपर उलटा. त्यांच्या शेजारी सलीमभाई, टोपी भुवयांपर्यंत.

कोणी कोणाकडं बघेना. भिंतीवर मोठ्ठ्या कानाचं चित्र होतं, तिघं त्याच्याकडंच बघत बसले. मला तर जमीन फाटावी असं झालं.

शेवटी हे म्हणाले, "काय नाना, साक्री इकडं आली का?"

नाना म्हणाले, "रावेरच्या वाटेवर लागते."

सलीमभाई हसले. मग नाना हसले, हे हसले, आणि पुढच्या घटकेला तिघांचं सुरूच झालं. स्ट्रीमर की डॅक! हात वर, आवाज वर, अख्खा दवाखाना बघतोय. आतून कंपाउंडर नाव पुकारत होता. पुन्हा पुकारलं. पुन्हा. कोणी उठेना. तो तणतणत बाहेर आला आणि माझ्यापुढं उभा राहिला.

"ताई, मघापासून घसा फोडतोय मी! ह्यांच्यातला पेशंट कोण?"

मी डोक्यावरचा पदर मागं सारला.

म्हटलं, "बठ्ठाच!"