कुलूप होतं, घर रिकामं नव्हतं

दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत कोणीतरी ताटली आपटत होतं.

तिसगावच्या पुढची वस्ती. ऊसतोडीचा सीझन. या दिवसांत कुलूप दिसलं की घर कारखान्यावर गेलं, असंच सगळे धरतात. आम्हीही. आमच्या संस्थेची ज्येष्ठांच्या हक्कांची पत्रकं अशा घरांच्या कडीला खोचायची आणि पुढे जायचं. इथेही मी तेच करत होते.

"आत कोण आहे?"

आपटणं थांबलं.

शेजारच्या कौसाबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. "कोन न्हाई ताई. समदी तोडीला गेलीत. मांजर आसंल."

"मांजर ताटली वाजवतं?"

"आमच्याकडची लई हुशार हायेत."

तेवढ्यात दाराखालून धूर आला. कौसाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

मी ऑफिसला फोन लावला. सर म्हणाले, "कुलूप तोडू नकोस. पोलीस पाटलांना बोलव. नाहीतर संस्थेवर येईल."

"येऊ द्या," म्हणून मी फोन ठेवला.

पाटील समोरच राहत होते. पहार घेऊन आले आणि दारापाशी थबकले. "मालक गावात न्हाई. उद्या आतली जवारी गेली म्हनला तर?"

"आणि आतलं माणूस गेलं तर?"

आतून खोकला ऐकू येत होता, तोवर मला धीर होता. मग तोही बंद झाला. पाटलांनी पहार घातली.

चुलीजवळ गोधडी पेटली होती. कोपऱ्यात एक म्हातारी, मांडीवर ताटली. कौसाबाईंनी पाण्याचा हंडा उपडा केला, आम्ही तिला बाहेर ओढलं. "सोनाबाई! ह्या तर लेकीकडं हुत्या!" कौसाबाई ओरडल्या.

श्वास चालू होता. डोळे उघडून सोनाबाईंनी मला विचारलं, "भाकरी झाली का?"

गर्दी बघून त्यांची सून मंदा शेतातून पळत आली. पाटील कडाडले, "सासूला कोंडून जाती व्हय गं? ताई, केस करा हिच्यावर!"

"न कोंडून काय करू?" मंदा खुरपं टाकून म्हणाली. "डोकं ठिकान्यावर न्हाई त्यांचं. नणंदंच्या इथं इहिरीच्या कठड्यावर चढल्या. तिनं न्या म्हनून फोन केला. मी तोड सोडून आले, काल अंधारात आनलं. कांदे खुरपायला जायाचं तर कुनाजवळ ठिवू?"

"मला हाक मारायची की," कौसाबाई म्हणाल्या.

"लेकीनं हाकललं का, आसं इचारलं आसतं तुमी."

कौसाबाईंनी विचारलंच असतं.

सोनाबाईंना डिमेन्शिया आहे. वयाचा विसरभोळेपणा नव्हे, मेंदूचा आजार. अशा माणसाची रोजची उस्तवार करणाऱ्याला आमच्याकडे केअरगिव्हर म्हणतात. त्याला थोडा वेळ मोकळीक देणं, ही रिस्पाइट केअर. गावात हे सगळं एका सुनेच्या अंगावर टाकतात आणि लाजही तिचीच काढतात. आमच्या पत्रकात तरी काय होतं? हयगय करणाऱ्यांना शिक्षेचं कलम. मंदासाठी एक ओळ नव्हती.

केस मी केली नाही. सोनाबाईंना दवाखान्यात नेलं, त्या वाचल्या. आता मंदा शेतात गेली की कौसाबाई सूप घेऊन सोनाबाईंच्या ओट्यावर बसतात. "शेंगा हितं काय न् तितं काय," म्हणतात.

आम्हीही कामात एक बदल केला. पत्रक खोचण्याआधी दार वाजवायचं आणि थांबून ऐकायचं. बहुतेक घरं रिकामीच निघतात. थोडा वेळ वाया जातो, एवढंच.