सरांच्या नजरेखाली सुया

नगरला ॲक्युपंक्चर शिकत असताना कर्जतजवळच्या आमच्या गावात मी एकदम मोठी डॉक्टरीण झाले होते. सुट्टीला गेले की ओट्यावर कुणाची कंबर, कुणाची मान माझी वाट बघत बसलेली. मी सगळ्यांना तेच सांगायचे, "नोंदणी झाल्याशिवाय मला सुया टोचता येत नाहीत. विद्यार्थ्याला सूट आहे, पण सर समोर हवेत."

बाकीचे हिरमुसून जायचे. चुलते मात्र एकदा मिशीतल्या मिशीत हसले. त्यांचा गुडघा दोन वर्षं धरला होता.

"म्हंजे सर समोर असले की झालं?"

"हो."

"मग त्यांना हुरड्याला बोलाव की!"

सर हुरड्याचे शौकीन. रविवारी आले. शेतात आगटी पेटली, कोवळी कणसं भाजली, लसणाच्या चटणीने सरांच्या डोळ्यांत पाणी आणलं. हात धुऊन ते वळले, तर बांधावर गावातली दहाबारा माणसं ओळीने बसलेली. पायजमे गुडघ्यापर्यंत वर.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे.

"सूट शिकण्यासाठी आहे, जत्रा भरवायला नाही," सर म्हणाले. "एकच पेशंट. ज्यांनी मला बोलावलं ते."

चुलत्यांचा चेहरा उतरला. "माजा गुडघा आता लई बरा हाय, सर."

"खोटं!" चुलती आगटीजवळून ओरडली. "काल रातभर कण्हत हुता की!"

चुलते बाजेवर आडवे झाले. डोळे गच्च मिटून त्यांनी चुलतीचा हात धरला. सरांनी तपासून जागा दाखवल्या, मी सुया टोचल्या.

बऱ्याच वेळाने ते दबक्या आवाजात म्हणाले, "टोच की पोरी, किती वाट बघायची?"

"काका, कधीच टोचल्या."

त्यांनी डोळे उघडले, गुडघ्यावर हलणाऱ्या सुया पाहिल्या आणि अशी आरोळी ठोकली की शेजारच्या रानात बसलेले बैल उठून उभे राहिले. बांधावरची ओळ पायजमे खाली सोडत पांगली.

गुडघ्याचं दुखणं किती उतरलं ते चुलत्यांनी कधी कबूल केलं नाही. पण पुढच्या सुट्टीत कुणी कंबर घेऊन ओट्यावर आलं, की मी तोंड उघडायच्या आत तेच दारात आडवे यायचे.

"नोंदनी झाल्याबिगर न्हाई! कायदा हाय!"