दुभाष्यानं गाळलेली सावड

"अहो, मार खाल्लात का ते सांगा. शेतीचं काय घेऊन बसलात?"

दुभाष्या मला म्हणाला. मराठीत. घरापासून इतक्या लांबच्या देशात कानावर मराठी पडली म्हणून पाच मिनिटांपूर्वी मला केवढा आनंद झाला होता. आपला माणूस भेटला, असं वाटलं होतं.

समोर सरकारी अधिकारी बाई बसल्या होत्या. मी आसरा मागायला आलो होतो. पुरुषावर प्रेम केलं म्हणून माझ्या मुलखात मला जगू दिलं नाही, इथं राहू द्या, एवढीच मागणी. बाईंनी विचारलं, गावानं तुमचं नेमकं काय केलं? मी दहा मिनिटं बोललो. दुभाष्यानं एक ओळ सांगितली. बाईंनी त्यातली अर्धी लिहिली. त्या अर्ध्या ओळीवर माझं राहणं किंवा परत जाणं ठरणार होतं.

आसरा मागणाऱ्यांच्या वसतिगृहातल्या वर्गात मी या देशाची भाषा शिकत होतो. बोलता फारसं यायचं नाही, पण कळायचं. दुभाष्यानं बाईंना सांगितलं होतं, 'यांना शेताच्या कामाला माणसं मिळाली नाहीत.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी काय सांगितलं होतं ते आता पुरतं सांगतो. मुरबाडच्या भातगिरणीत मी कामाला होतो. तिथं शहापूरकडचा एक जण पोती उचलायला यायचा. आम्ही एकमेकांचे झालो. दोन पावसाळे कुणाला कळलं नाही. मग एका दुपारी पोत्यांच्या खोलीत माझ्या चुलतभावानं आम्हाला पाहिलं. शहापूरकडच्याचं त्याच्या घरच्यांनी महिन्याच्या आत लग्न लावून दिलं. माझ्यासाठी मारुतीच्या देवळात गावकी बसली.

म्होरक्या म्हणाला, "देवापुढं नाक घास. आमी पोरगी बघतो, लगीन कर. नायतर तुमची सावड बंद."

बाबा खाली मान घालून बसले होते. मी म्हणालो, "नाक नाय घासनार. आनि पोरीचं कशाला वाटोळं करू?"

आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. मजुरी नाही, फक्त ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण. एकट्या घराला लावणी उरकत नाही. सावड तुटली की घर गावातून उठल्यासारखंच. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या पावसाळ्यात मी अकरा घरांच्या शेतात लावणी करून आलो होतो. गावकी बसायच्या आधीच. बारावं शेत आमचं. रोपं उपटून मुठी बांधून पाण्यात ठेवलेल्या. आईनं पहाटे उठून वीस माणसांचं जेवण केलं. तांदळाच्या भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. टोपली डोक्यावर घेऊन ती बांधावर येऊन बसली.

कुणी आलं नाही.

शेजारच्या शेतात सगळी होती. ज्यांच्या चिखलात मी अकरा दिवस वाकलो होतो ती सगळी. बायका गाणी म्हणत होत्या. एकीनंही मान वर करून पाहिलं नाही. आई, बाबा, भाऊ आणि मी, घरची चार माणसं अंधार पडेपर्यंत लावत राहिलो. पाव शेतसुद्धा झालं नाही. बाकीच्या मुठी पाण्यात पिवळ्या पडल्या, कुजल्या.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तू जा रे. तू हाय तवर आपल्या शेतात कोन नाय येनार."

माझ्या आईच्या तोंडून गावानं मला हाकललं. हात न लावता. मार परवडला असता.

पुढं कल्याणला हॉटेलात कामाला लागलो. सहा महिन्यांत गावची दोन माणसं येऊन मालकाच्या कानाला लागली. तिथूनही उचलबांगडी. मग जहाजावर भांडी घासायला, आणि जहाजावरून इथं.

हे सगळं त्या दुभाष्यानं एका ओळीत बसवलं. त्यात मी नव्हतो, आई नव्हती, गावकी नव्हती.

मी खुर्चीवरून उठलो. त्यांच्या भाषेत जेवढं जमलं तेवढं बोललो. "हा माणूस नको. हा माझं सांगत नाही."

बाई म्हणाल्या, आज थांबवलं तर पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही. तोपर्यंत कामाची परवानगी नाही. मी म्हणालो, चालेल.

बाहेर दुभाष्यानं मला गाठलं. कोट घालता घालता म्हणाला, "मी सांभाळून घेत होतो तुम्हाला. गावकी, देऊळ, हे सगळं परक्यांपुढं कशाला? आपल्याच लोकांची अब्रू जाते."

म्हणजे त्याला कळलं होतं सगळं. कळूनसवरून गाळलं होतं.

मी म्हणालो, "माजी सावड तोडनारे पन आपलेच लोक व्हते."

त्यानं तोंड वाकडं केलं. "आधी शुद्ध बोलायला शिका," म्हणाला, आणि निघून गेला.

शिकलो. त्याची भाषा नव्हे, या देशाची. आठ महिने. खोलीत सहा खाटा, काम नाही, दिवस सरता सरत नव्हता. वर्गातल्या बाईंना मी शब्द विचारत सुटायचो. रोप. चिखल. बांध. शेजारी. बहिष्कार. त्या हसायच्या, म्हणायच्या, दुकानात जाऊन काही घ्यायचं कसं ते आधी शिका. मी म्हणायचो, ते नंतर.

दुसऱ्या वेळी दुसरा दुभाष्या होता. मी त्याला म्हटलं, अडलो तरच बोला. मी मोडकंतोडकं बोललो, पण सगळं बोललो. अधिकारी बाई त्याच होत्या. या वेळी त्यांचं पेन थांबलं नाही. अकरा घरांची नावं मी एकेक करून लिहवून घेतली. शेवटी त्यांनी विचारलं, "आईनं केलेल्या जेवणाचं काय झालं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. ना बाबांनी, ना भावानं. मी सांगितलं, "आईनं ओढ्यात सोडलं. माझ्यासमोर." आणि तिथंच रडलो.

राहण्याचा कागद मिळाला.

पुढच्या गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलवर गेलो. दारातच तो पहिला दुभाष्या. मला बाजूला घेऊन म्हणाला, "झालं ना तुमचं काम? आता ते प्रकरण इथं कुणाला सांगू नका. राहायचंय ना आपल्या लोकांत?"

तीच गावकी. फक्त अंगात कोट होता.

मी त्याच्या अंगावरून आत गेलो. प्रसादाच्या रांगेत उभा राहिलो. पुढच्या बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही इकडं कसे आलात?" तो दारातून बघत होता.

मी मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. मुरबाडच्या भातगिरणीपासून. रांगेत कुजबुज झाली. मागचा माणूस दोन पावलं मागं सरकला. बाईंनी हातातली वाटी घट्ट धरली. मी थांबलो नाही. अकरा घरांची नावं सरकारी कागदावर आहेत, तीच या हॉलमध्येही म्हटली.

देवळात नाक घासलं नाही. इथं तर मुळीच घासणार नाही. कुणाला उठून जायचं असेल त्यानं जावं. मी रांग सोडणार नाही.