ऑर्व्हल टिडवेलची सुसज्ज जीप

ऑर्व्हल टिडवेलच्या जीपला छतापर्यंत गेलेली एक नळी होती. गाडी नदीत बुडाली तरी इंजिनाला वरून श्वास घेता यावा, ही त्यामागची योजना. कॅसल डेलला पाऊस पडतो वर्षाकाठी वीतभर, आणि युटाच्या त्या कोपऱ्यातल्या नद्या बहुतेक महिने फक्त नकाशात वाहतात. पण एखाद्या वर्षी आलाच पूर तर, असं ऑर्व्हल म्हणे. नळी त्यानं बंद पडलेल्या डेअरीतल्या पाइपापासून स्वतः वाकवून केली होती. ऊन तापलं की तिला अजून दुधाचा वास यायचा.

हयात त्यानं वीज प्रकल्पात फिटर म्हणून काढली. तिथं त्याच्यावाचून काही अडलं असेल तर ते प्रकल्पानं त्याला कळू दिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ऑर्व्हल गॅरेजमध्ये हजर झाला. त्याची बायको लारू बुटकी, कामसू, गोधड्या शिवण्यात पंचक्रोशीत नाव काढलेली. नवरा घरी बसला की बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतो असं तिनं मैत्रिणींकडून ऐकलं होतं. हा गॅरेजात नाक खुपसतोय म्हटल्यावर तिनं देवाचे आभार मानले. जरा घाईच केली.

कारण पहिला बळी गेला तिच्या इस्त्रीच्या टेबलाचा. ते जीपच्या मागच्या दाराला बिजागऱ्यांनी जोडलं गेलं आणि त्याचं 'स्वयंपाकघर' झालं. मग जुना फ्रिज गेला. त्याची मोटर काढून ऑर्व्हलनं चाकांत हवा भरायचं यंत्र केलं. ते चालायचं, नाही असं नाही. सकाळी लावलं तर दुपारच्या जेवणापर्यंत दोन चाकं नक्की भरत. इंजिनाच्या उष्णतेवर पाणी तापवणारी अंघोळीची सोय झाली. जॅक वाळूत रुतू नये म्हणून त्याच्याखाली ठेवायला शेतातल्या ढेकळं फोडायच्या औताचा लोखंडी तवा आला. आणि सगळ्यात वजनदार म्हणजे नांगर. सासऱ्याच्या शेतावरच्या नांगराचा फाळ कापून ऑर्व्हलनं जहाजाला असतो तसा नांगर घडवला होता. वाळवंटात गाडी रुतली आणि दोर बांधायला झाड नसलं, तर हा जमिनीत रोवायचा आणि त्याच्या आधारानं गाडी ओढून काढायची. तो उचलायला दोन माणसं लागत, आणि त्यातलं एक नेहमी लारू असे.

एवढं सगळं होतं, नव्हती ती फक्त विंच. पुढच्या बंपरवर बसवायची, अडकलेली गाडी तारेनं खेचणारी विजेची विंच. तिचे फोटो कॅटलॉगातून कापून ऑर्व्हल घरभर ठेवायचा, कधी साखरेच्या डब्यावर, कधी आरशाच्या कडेला, एकदा तर लारूच्या बायबलमध्येही. विंच येईल तेव्हा जागा तयार असावी म्हणून त्यानं दुपटीनं जाड लोखंडाचा बंपर आधीच करून बसवला होता. दर नाताळला लारू त्याला लोकरीचे मोजे द्यायची. ऑर्व्हल मोजे घालून गॅरेजात जायचा आणि रिकाम्या बंपरवरची धूळ पुसायचा.

गावात जीपवाल्यांचा एक क्लब होता आणि त्याचा अध्यक्ष होता लारूचा धाकटा भाऊ थेरॉन. थेरॉनच्या जीपला दारं नव्हती, हत्यारांच्या नावानं सीटखाली गाडी ओढायचा एक पट्टा आणि एक फावडं. क्लबची मोहीम निघाली की ऑर्व्हल आपणहून सगळ्यात मागं राहायचा. कोणी अडकलं तर सोडवायला मागं कोणीतरी असावं लागतं, असं तो म्हणे, आणि ते खरंही होतं. फक्त कोणी अडकायचं नाही. अडकलंच तर ऑर्व्हल हत्यारांच्या पेटीचं कुलूप उघडेपर्यंत थेरॉन पट्टा लावून गाडी ओढून मोकळा झालेला असे. ऑर्व्हल भला माणूस, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. दुसऱ्याची गाडी रुतू दे अशी प्रार्थना त्यानं कधी केली नाही. कोणाची रुतायचीच असेल तर मी जवळ असू दे, एवढंच तो मागायचा.

असे काही उन्हाळे गेले आणि त्याचा धीर सुटला. ईस्टरनंतरच्या मोहिमेत सगळ्यांत पुढं मी जाणार, असं त्यानं क्लबच्या बैठकीत जाहीर केलं. मोहीम होती 'मेंढीच्या उडी'ची. कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी एक उंच खडकाळ पायरी आहे, तिला गावात तसं म्हणतात. ती जीप घेऊन जो चढतो त्याच्याशी लोक वर्षभर आदरानं बोलतात. ऑर्व्हलची जीप ती कधीच चढली नव्हती. चर्चमध्ये सगळे एकमेकांना भाऊ म्हणतात, तो आवाज काढून थेरॉननं विचारलं, "टिडवेल भाऊ, एवढं सामान घेऊन चढणार आहात, की वर दुकान टाकणार आहात?" सगळे हसले. सोबत आलेली लारूही हसली, आणि ते ऑर्व्हलनं पाहिलं.

मोहिमेच्या दिवशी लारूला शेजारी बसवून तो निघाला, पण पायरीपर्यंत पोचलाच नाही. अलीकडच्या वाळूतच जीप बसली. रुतली म्हणणं कमी होईल, म्हैस पाण्यात बसते तशी समाधानानं बसली. मागून थेरॉन पट्टा घेऊन आला, पण ऑर्व्हलनं त्याला हात करून थांबवलं. ज्या प्रसंगासाठी त्यानं इतकी तयारी केली होती तो शेवटी आला होता, स्वतःवरच का असेना. तो थोडा खुशीतच होता.

अडचण एवढीच की नांगर पेट्यांच्या खाली होता आणि पेट्या पाण्याच्या टाकीच्या मागे होत्या. नांगर निघेपर्यंत मागच्या मंडळींनी सँडविच खाऊन घेतले. मग तो वाळूत रोवला, त्याला हातानं फिरवायचं खेचयंत्र जोडलं, आणि ऑर्व्हल दांडा फिरवू लागला. यंत्र उत्तम चाललं. दोर ताणला, अंतर कमी कमी होत गेलं. थोड्या वेळानं ध्यानात आलं की जीप जागची हललेली नाही, नांगरच वाळू नांगरत जीपकडं येतोय. तो बंपरला येऊन टेकला तेव्हा कोणी थट्टा केली नाही. थेरॉनसुद्धा नाही, आणि तेच ऑर्व्हलला जास्त लागलं.

"सगळं खाली काढा," लारू म्हणाली.

मग सगळा क्लब कामाला लागला. पेट्या, टाकी, तवा, फ्रिजची मोटर, सगळं ताडपत्रीवर मांडलं. सामान उतरत गेलं तसतशी जीप वर येत गेली. तिच्या स्प्रिंगा इतक्या लांब आहेत हे खुद्द ऑर्व्हललाही माहीत नव्हतं. चाकांची हवा कमी करून तो फावड्यानं वाळू उपसायला बसला आणि लारूला त्यानं स्टिअरिंगवर बसवलं. "हळूच घे," त्यानं बजावलं, "आणि कडक जमीन लागली की थांब."

लारू बापाच्या शेतावर लहानपणापासून ट्रॅक्टर चालवायची, पण ते इतकं जुनं की ऑर्व्हलच्या लक्षातही नव्हतं. जीप अलगद निघाली. कडक जमीन पायरीच्या पायथ्याशी होती. लारू तिथं थांबली नाही. पुढचं चाक खडकावर चढलं, गाडी कलली, दुधाच्या वासाची नळी आभाळाकडं रोखली गेली. लारूनं वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. मागची चाकं एकदा घसरली, धरली, आणि जीप वर दिसेनाशी झाली. मग वरून हॉर्न वाजला. तो हॉर्नही ऑर्व्हलनंच बसवला होता, जुन्या मालगाडीचा.

ऑर्व्हल हातात फावडं घेऊन तसाच उभा राहिला. त्याला अभिमान वाटला आणि हेवाही वाटला. आधी काय वाटलं हे त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही.

बाकीचे एकेक करून वर गेले. सामानाजवळ कोणीतरी थांबायला हवं होतं, आणि सामान कोणाचं हा प्रश्न नव्हता. बसून बसून करायचं काय, म्हणून त्यानं बिजागऱ्यांवरून काढून ठेवलेलं इस्त्रीचं टेबल दोन पेट्यांवर मांडलं, ताडपत्रीची सावली केली आणि लोखंडी हंडीत निखाऱ्यांवर बटाटे, कांदा आणि बेकन शिजत ठेवलं. मंडळी परतली ती तांबड्या धुळीनं माखून, भुकेलेली. जीप आल्यावर तिच्या इंजिनाला अंघोळीची नळी जोडली आणि गरम पाण्यासाठी रांग लागली. थेरॉन दोनदा नाहला. तिसऱ्यांदा ताट भरून घेत त्यानं मनापासून सांगितलं की क्लबच्या इतक्या वर्षांत अशी मजेची मोहीम झाली नव्हती. आपण उभी हयात संकटाची तयारी केली आणि आपलं नाव निघालं बटाट्यांनी, हे ध्यानात येऊनही ऑर्व्हलनं त्याला आणखी बटाटे वाढले.

सामान क्लबच्या गाड्यांत वाटून भरून ऑर्व्हल आणि लारू घरी निघाले. स्टिअरिंग लारूनं सोडलं नव्हतं.

"चांगली आहे रे ही गाडी," ती म्हणाली. "तू मला कधी सांगितलं नाहीस."

"रोज सांगत होतो."

"छे, तू सामानाचं सांगायचास. गाडीचं कधी बोललासच नाही."

 ऑर्व्हलनं विचारलं की मागची चाकं घसरली तेव्हा तिनं काय केलं. काही नाही, ती म्हणाली, वाट पाहिली.

तेव्हापासून जीप लारू चालवते. ऑर्व्हल पिकअपला ट्रेलर जोडून सामान घेऊन मागून येतो आणि सपाट जागा बघून मुक्काम मांडतो. लारूला बोनेटपलीकडचं दिसत नाही म्हणून त्यानं सीटखाली बसवायला खालीवर, पुढंमागं आणि तिरकी होणारी चौकट केली. लारू घडी घातलेल्या गोधडीवर बसते.

गेल्या शरद ऋतूत ती खरोखरच अडकली, डोंगरापलीकडं, दोन खडकांच्या मधे. रेडिओवर थेरॉनचा निरोप आला. ऑर्व्हल इतक्या वेगानं उठला की हंडी लवंडली. बायको संकटात होती आणि या वेळी काही कमी पडू द्यायचं नव्हतं. त्यानं तवा घेतला, खेचयंत्र घेतलं, पेट्या चढवल्या, नांगर एकट्यानं उचलला. कमरेत चमक भरली, तरी उचलला. शेवटचा पट्टा आवळत असताना रेडिओ परत खरखरला. क्लबमधल्या तीन बायकांनी हातानं ढकलून जीप काढली होती, आणि आता सगळ्यांना भूक लागली होती.

ऑर्व्हल थोडा वेळ पिकअपच्या पायरीवर बसला. मग त्यानं पेट्या उतरवल्या, सांडलेले बटाटे गोळा करून धुतले आणि पुन्हा निखाऱ्यांवर चढवले. नांगर मात्र पिकअपमध्येच राहिला. तो उतरवायला लारूची वाट बघावी लागणार होती.