पेडगावची विहीर

अरबस्तान सर कधी अरबस्तानात गेलेच नव्हते. त्यांचा कोरा पासपोर्ट कपाटात पडून होता, आणि परभणीच्या कॉलेजात ते आयुष्यभर पश्चिम आशियातले समाज शिकवत राहिले. निजामाच्या काळात शिकलेल्या वडिलांकडून उर्दू लिपी आलेली, तेवढ्या शिदोरीवर.

निबंध हातात पडला की त्यांचा एकच सवाल, "कुणाकुणाला इचारलंस?" एकदा अर्थशास्त्राचं पुस्तक वाचून मी ऐटीत लिहिलं, वाळवंटातल्या गावाची विहीर सगळ्यांची असते. सरांनी मला पेडगावला धाडलं. "तिथं एक जुनी इहीर हाय. कुणाची, ते बघून ये." सातबारा एकाच्या नावे, पाण्याच्या पाळ्या चौघांच्या, आणि पारावरचे आजोबा तिसरीच कहाणी सांगत होते. मी वैतागून परतले. सर मात्र लय खूश. "कायदा वाच, इतिहास ऐक, भाषा शीक. एकाच शास्त्रानं बघितलंस तर गाव तुला चकवतंय बघ."

पुढे संशोधनासाठी मला खरंच ओमानला जायला मिळालं. तोवर सर अंथरुणाला खिळले होते. परतल्यावर तडक त्यांच्याकडे गेले, नकाशे, फोटो, विहिरीच्या करारांच्या नकला पलंगावर मांडल्या. सगळं बघून झाल्यावर ते म्हणाले, "बाया काय म्हणल्या?" बायांना मी विचारलंच नव्हतं. "मग अर्धंच झालं की गं. परत जा." कौतुकाच्या आशेने गेलेली मी, मनातून चिडले. पण गेले.

दुसऱ्या खेपेहून आले तेव्हा सर नव्हते. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना चुडाव्याच्या त्यांच्या शेतात बसवून समाधी दिली होती. मातीवरचा बेल सुकून गेला होता. "सर, विचारलं बायांना," एवढंच म्हणता आलं, आणि मी रडले.

मग घरी जाऊन काकूंना, सरांच्या पत्नीला, सगळं सांगितलं. ओमानातही पाण्याच्या पाळ्या पुरुषांच्या नावे, पण टंचाईत आधी कुणाला पाणी द्यायचं, ते तिथल्या बायका ठरवतात.

"पेडगावातबी तसंच की," काकू सहज म्हणाल्या. "माझ्या माहेरचीच इहीर ती. माझी आई ठरवायची."

"सरांना माहीत होतं?"

काकूंनी पदर सारखा केला. "त्यांनी कधी इचारलंच न्हाई."

मी वही उघडली. "काकू, मी विचारते. सांगा."